भग्न भिंतींवरचे दुसरे चित्र : लखनौ आणि इतिहासाध्यापनाची साधने

लखनौच्या रेसिडेन्सीत शिरणाऱ्याला प्रथम दिसतात त्या छप्पर नसलेल्या भिंती. गिलावा उडालेला, विटा उघड्या पडलेल्या आणि तोफगोळ्यांनी पाडलेली भगदाडे तशीच राखलेली. भोवती नीटनेटकी हिरवळ, झाडांखाली विसावलेली माणसे. याच आवारात १८५७ च्या उन्हाळ्यात सुमारे तीन हजार माणसे कोंडली गेली होती, त्यांत इंग्रज होते तसे इंग्रजांच्या बाजूने लढणारे शेकडो हिंदी शिपाईही होते, हे सांगूनसुद्धा पटत नाही. आवारातील संग्रहालयात मात्र एक जुनी वस्तू आहे. वेढ्याच्या वेळी हा परिसर कसा होता हे दाखवणारी, १८७३ साली तयार झालेली रेसिडेन्सीची प्रतिकृती. ती पाहून बाहेर आलेला मनुष्य नकळत एक काम करू लागतो. समोरच्या पडक्या भिंतीवर तो मनातल्या मनात मजले चढवतो, दारे बसवतो, मोर्चे उभारतो. दिसणारी भिंत आणि आठवणीतली प्रतिकृती ही दोन्ही चित्रे त्याच्या डोळ्यांपुढे क्षणभर एकावर एक बसतात.

ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजे संवर्धित वास्तव, या नावाने आज जे तंत्र शाळा-महाविद्यालयांच्या दाराशी आले आहे ते नेमके हेच करते. फरक इतकाच की मनाने करायचे काम यंत्र करते. भ्रमणध्वनीचा कॅमेरा समोरच्या वास्तूकडे रोखला की ती जागा यंत्र ओळखते आणि पडद्यावर त्या वास्तूच्या चित्रावर संगणकात तयार केलेली दुसरी आकृती बसवते. पाहणारा चालू लागला, वळला, तरी ती आकृती आपल्या जागेवरून हलत नाही. आभासी वास्तवात पाहणारा डोळ्यांवर यंत्र चढवून भोवतालापासून तुटतो. येथे भोवताल तसाच राहतो आणि त्यावर भर पडते. इतिहासाच्या शिक्षकाला हे तंत्र जवळचे वाटते ते यामुळे. स्थळाला भेट आणि ग्रंथातील माहिती ही त्याची दोन जुनी साधने येथे एकत्र येतात.

या नावाचा जन्म मात्र इतिहासाच्या वर्गात झालेला नाही. १९९० च्या सुमारास बोइंग या विमाने बांधणाऱ्या कंपनीत टॉम कॉडेल आणि त्यांचे सहकारी डेव्हिड मिझेल हे विमानातील तारांची गुंतागुंतीची जोडणी करणाऱ्या कामगारांसाठी एक सोय शोधत होते. कामगाराने नकाशाकडे पुनःपुन्हा मान वळवण्याऐवजी नकाशाच त्याच्या डोळ्यांसमोर कामाच्या जागेवर दिसावा, अशी ती कल्पना. पुढे दहा वर्षांनी ग्रीसमधील ऑलिम्पिया येथे युरोपीय संघाच्या साहाय्याने आर्किओगाइड नावाचा प्रकल्प झाला. तेथे पर्यटकाच्या पाठीवर संगणकाची पिशवी आणि डोळ्यांवर पडदा चढवून कोसळलेली मंदिरे जागच्या जागी उभी करून दाखवली गेली. ती पाठपिशवी आता खिशात मावते.

साधन हलके झाले, तशी एक जुनी अडचण जड झाली. संगणकाने उभे केलेले देऊळ डोळ्यांना इतके खरे वाटते की त्यातील कोणता खांब उत्खननात सापडला आणि कोणता चित्रकाराने अंदाजाने बसवला हे पाहणाऱ्याला कळेनासे होते. पुस्तकात ‘बहुधा’ हा एक शब्द लिहून भागते. चित्रात ‘बहुधा’ कसे काढायचे? या प्रश्नाने अस्वस्थ झालेल्या अभ्यासकांनी २००६ मध्ये लंडन सनद या नावाने काही तत्त्वे मांडली आणि २००९ मध्ये त्यांचे सुधारित रूप प्रसिद्ध केले. दाखवलेले चित्र वास्तूची आजची स्थिती आहे, पुराव्यांवर आधारलेली पुनर्रचना आहे की निव्वळ तर्क आहे, आणि त्यात अनिश्चितता किती आहे, हे पाहणाऱ्याला स्पष्ट कळले पाहिजे, असे ही सनद सांगते. कागदावर हे तत्त्व कोरडे वाटते. लखनौत ते जिवंत होते, कारण या शहरावर दुसरे चित्र चढवण्याचे प्रयत्न दीडशेहून अधिक वर्षे चालू आहेत.

त्यांतला सर्वांत प्रसिद्ध प्रयत्न छायाचित्रकार फेलिचे बिआतो याचा. १६ नोव्हेंबर १८५७ रोजी सिकंदरबागेत इंग्रज फौजेने सुमारे दोन हजार बंडवाले शिपाई ठार केले. बिआतो लखनौत पोहोचला तो १८५८ च्या वसंतात, शहर पुन्हा इंग्रजांच्या ताब्यात गेल्यानंतर. तरीही त्याच्या सिकंदरबागेच्या छायाचित्रात पडझड झालेल्या इमारतीपुढे माणसांचे सांगाडे विखुरलेले दिसतात, जणू लढाई नुकतीच संपली आहे. त्या काळी लखनौत असलेला सनदी अधिकारी जॉर्ज कॅम्पबेल (सेनापती कॉलिन कॅम्पबेल वेगळा) याने आपल्या आठवणींत नोंदवले आहे की हाडे पुरून टाकण्यापूर्वी छायाचित्रासाठी ती उघडी करण्यात आली होती. म्हणजे कॅमेऱ्यापुढे होते ते सारे खरे, हाडेही खरी. पण क्षण रचलेला. हे छायाचित्र हिंदुस्थानातील युद्धाच्या छायाचित्रांत आजही सर्वाधिक छापले जाणाऱ्यांपैकी आहे आणि पुष्कळदा त्याखाली फक्त १८५७ हे साल असते.

बिआतोच्या मागोमाग आले ते अभियंते. बंगाल इंजिनिअर्सचे कर्नल रॉबर्ट नेपियर यांनी आखलेल्या योजनेनुसार दाट वस्तीतून रुंद लष्करी रस्ते काढण्यात आले. पुन्हा उठाव झाला तर तोफा व पलटणी वेगाने नेता याव्यात, हा हेतू. त्या कामात शहराचा सुमारे दोन-पंचमांश भाग जमीनदोस्त झाला, असे वीणा तलवार ओल्डेनबर्ग यांनी वसाहतकालीन लखनौवरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे. गल्ल्या, हवेल्या, बाजार, मशिदी यांची ही पडझड वेढ्यातील पडझडीहून कितीतरी मोठी. पण रेसिडेन्सीच्या भिंती राखल्या गेल्या, कारण त्या जेत्यांच्या शौर्याची साक्ष होत्या. पाडलेल्या मोहल्ल्यांचे अवशेष राखण्याचे कोणालाच कारण नव्हते. त्यांच्यावर रस्ता झाला. भग्नावशेषसुद्धा निवडून ठेवले जातात, ही गोष्ट लखनौइतक्या उघडपणे फार थोडी शहरे सांगतात.

१८७४ मध्ये दारोगा अब्बास अली या लखनौच्याच अभियंत्याने ‘लखनौ आल्बम’ प्रसिद्ध केला. पन्नास छायाचित्रे आणि शहराचा नकाशा. त्याचा ग्राहक होता १८५७ ची स्थळे पाहायला येणारा इंग्रज प्रवासी, त्यामुळे वास्तूंची ओळखही बहुतेक त्याच नजरेतून करून दिलेली. नवाबी लखनौचा माणूस कॅमेऱ्यामागे असूनही चौकट साहेबाची, असा हा चमत्कारिक प्रकार. रेसिडेन्सीवर तर युनियन जॅक १९४७ च्या ऑगस्टपर्यंत रात्रंदिवस फडकत ठेवला होता. दुसऱ्या बाजूचे स्मारक उभे राहायला शताब्दी उजाडावी लागली. गोमतीकाठी, रेसिडेन्सीच्या समोर, १९५७ मध्ये शहीद स्मारक बांधले गेले. आत, त्या जुन्या आवारात, अमुक मोर्चा कोणत्या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली होता आणि तमुक साहेब कोठे पडला हे दाखवणाऱ्या खुणा आहेत. बाहेरून वेढा घालणारे कोठे होते, कोणत्या घरातून त्यांनी गोळ्या झाडल्या, हे शोधायला पुस्तके धुंडाळावी लागतात.

नव्या साधनांचे खरे बळ येथे दिसते. लाकडामातीच्या प्रतिकृतीला एकच क्षण निवडावा लागतो. संगणकीय प्रतिकृतीला तशी सक्ती नाही. उठावापूर्वीच्या लखनौची छायाचित्रे अहमद अली खान या लखनवी छायाचित्रकाराने काढलेली आहेत. ती, बिआतोची १८५८ ची आणि अब्बास अलीची १८७४ ची अशी तीन लखनौ एकाच नकाशावर योग्य जागी बसवता येतात. नेपियरचा रस्ता पडद्यावरून उचलला तर त्याखाली काय होते हे निदान जुन्या नकाशांपुरते दाखवता येते. वेढ्याच्या आतले आणि बाहेरचे असे दोन्ही लखनौ एकाच ठिकाणी उभे राहून पाहता येते. यासाठी लागणारी कौशल्येही शाळेच्या आवाक्याबाहेरची राहिलेली नाहीत. एखाद्या समाधीची किंवा बारवेची सर्व बाजूंनी, एकमेकांवर येतील अशी छायाचित्रे घेतली तर त्यांतून संगणक त्रिमितीय आकृती तयार करतो. या पद्धतीला फोटोग्रामेट्री म्हणतात आणि साधा भ्रमणध्वनी त्यासाठी पुरतो. ग्रंथांच्या बाबतीत तर क्रांतीच झाली आहे. १८५८ मध्ये, म्हणजे शहर अद्याप धुमसत असताना, मुन्शी नवलकिशोर यांनी लखनौत छापखाना काढला आणि उर्दू, फारसी, हिंदी, संस्कृत अशा भाषांतील हजारो ग्रंथ छापले. त्यांतील कितीतरी आज जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाच्या संग्रहातून घरबसल्या पाने उलटून वाचता येतात.

मानव्यविद्येच्या अध्यापनात नवे साधन आणण्याचा प्रश्न लखनौत पूर्वी एकदा ऐरणीवर आला होता, आणि तो आणणारा मनुष्य मराठी होता. साधन विजेवर चालणारे नव्हते, कागदावरचे होते. वाद मात्र आजच्यासारखाच होता.

फेब्रुवारी १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केले आणि वाजिद अली शाह कलकत्त्याला गेला. त्याच्या आश्रयाने बहरलेले संगीत निराधार झाले. इमारतींची मोडतोड दिसते तरी. संगीताची दिसत नाही. चिजा उस्तादांच्या कंठात होत्या आणि कंठ एकेक करून मिटत होते. मुंबईच्या वाळकेश्वरात १८६० साली जन्मलेले, व्यवसायाने वकील असलेले पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी हे धन लिहून काढण्याचा ध्यास घेतला. हिंदुस्थानभर फिरून त्यांनी घराणेदार गवयांकडून चिजा मिळवल्या. जयपूरच्या परंपरेतील आशक अली व अहमद अली या बंधूंकडील चिजा त्यांनी फोनोग्राफवर ध्वनिमुद्रित करून घेतल्या. ते त्या काळचे अगदी नवे यंत्र होते. मिळवलेल्या चिजा त्यांनी सोप्या स्वरलिपीत बसवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिका’ या नावाने सहा भागांत छापल्या. नावातच सारा हेतू आहे. क्रमिक पुस्तक ही शाळेची वस्तू. जे गंडा बांधून वर्षानुवर्षे सेवा केल्यावर मिळत असे ते त्यांनी इयत्तावार मांडले.

लखनौत १९२४ व १९२५ मध्ये अखिल भारतीय संगीत परिषदा भरल्या. राय उमानाथ बली आणि प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांच्या पाठिंब्याने १९२६ मध्ये तेथे संगीत महाविद्यालय सुरू झाले. गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे नाव त्याला दिले गेले. ज्या परीखान्यात वाजिद अली शाहच्या काळी नृत्यगायनाचे शिक्षण चाले, त्याच कैसरबागेतील वास्तूत हे महाविद्यालय पुढे नांदले. १९६६ मध्ये त्याला भातखंड्यांचे नाव मिळाले आणि २०२२ मध्ये त्याचे राज्य विद्यापीठ झाले.

उस्तादांचा आक्षेप साधा आणि खरा होता. मींड कागदावर उतरत नाही, श्रुतींची सूक्ष्म छटा अक्षरात मावत नाही, पुस्तकातून शिकलेला गाणे म्हणेल पण गवई होणार नाही. या आक्षेपाला मॅरिस कॉलेजने वादाने उत्तर देण्याऐवजी व्यवस्थेने उत्तर दिले. पुस्तकांबरोबर परंपरेतले कलावंतही अध्यापक म्हणून नेमले. लखनौ घराण्याचे खलिफा आबिद हुसेन खान तबला शिकवीत, सखावत हुसेन खान सरोद शिकवीत. १९२८ पासून दीर्घकाळ प्राचार्य असलेले श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे स्वतः उत्तम गवई होते. स्वरलिपीने चिजेचा सांगाडा राखला, तो जिवंत करण्याचे काम समोर बसलेल्या माणसाकडे राहिले. भातखंड्यांवर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे, अभ्यासकांनी ती केलीही आहे. निरक्षर उस्तादांविषयीचा त्यांचा सूर कधीकधी कडवट लागतो. परंतु साधनाने काय होते आणि काय होत नाही याचा हिशेब त्या महाविद्यालयाच्या रचनेतच मांडलेला होता, आणि तो आज संगणकाच्या खोलीचे उद्घाटन करणाऱ्या अनेक संस्थांच्या योजनेत सापडत नाही.

मराठी शाळेच्या वर्गातील साधनांची गोष्ट साठ वर्षांत बरीच पुढे गेली. भिंतीवरचा नकाशा, खडू आणि शिक्षकांचा आवाज एवढ्यावर इतिहासाचा तास चाले. १९६७ च्या जानेवारीत बालभारतीची स्थापना झाली आणि सर्व महाराष्ट्रातील मुलांच्या हाती एका तोडीची पुस्तके आली. त्याच पुस्तकांवर आज क्यूआर कोड असतात. त्यामागे सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचे काम आहे. त्यांच्या वर्गातील मुलींची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तक त्यांना परके होते. डिसले ती भाषा शिकले, पाठांचे भाषांतर केले आणि ध्वनिमुद्रित कविता, गोष्टी, चित्रफिती पुस्तकाला क्यूआर कोडने जोडल्या. २०१७ मध्ये राज्य शासनाने ही पद्धत सर्व इयत्तांसाठी स्वीकारली. २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. बातम्यांत क्यूआर कोडच गाजला. पण त्यांच्या कामाचा आरंभ मुलींची भाषा शिकण्यापासून झाला होता, आणि तो क्यूआर कोड वाचून कळत नाही.

यंत्रावर विसंबणाऱ्या शिक्षणाला आणखी एक भय असते, ते आयुष्याचे. इंग्लंडमधील १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’ या जमीनमोजणीच्या ग्रंथाला नऊशे वर्षे झाली तेव्हा, १९८६ मध्ये, बीबीसीने देशभरातील शाळांना हाताशी धरून नवे डूम्सडे तयार केले. दहा लाखांहून अधिक लोकांनी, त्यांत असंख्य शाळकरी मुलांनी, आपापल्या गावाची वर्णने व छायाचित्रे दिली. ते सारे लेझर तबकड्यांवर साठवले. पंधरा-सोळा वर्षांतच त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली आणि संशोधकांना ती माहिती वाचवण्यासाठी खास प्रकल्प हाती घ्यावा लागला. चामड्यावर लिहिलेले १०८६ चे पुस्तक मात्र शाबूत होते. अलीकडचे उदाहरण गूगलच्या एक्स्पीडिशन्सचे. वर्गात बसून दूरची स्थळे दाखवणारी, पुढे संवर्धित वास्तवही वापरणारी ही सोय जगभरच्या शिक्षकांनी आपल्या पाठांत गुंफली होती. कंपनीने जून २०२१ अखेर ती बंद केली. क्रमिक पुस्तक मालिकेचे जुने भाग अजूनही उघडतात. लखनौचे कोणी आभासी पुनरुज्जीवन करू पाहील तर मूळ छायाचित्रे, मोजमापे आणि टिपणे साध्या, उघड्या स्वरूपात, कोणत्याही एका कंपनीच्या यंत्राशी न बांधता वेगळी ठेवणे हा त्याचा पहिला खर्च धरावा लागेल.

आणि असे कोणी करू पाहिले तर त्याला सिकंदरबागेत यावेच लागेल. तेथील दरवाजा अजून उभा आहे. जवळच ऊदा देवीचा पुतळा आहे. ९३ व्या हायलँडर्स पलटणीतील विल्यम फोर्ब्ज-मिचेल याने १८९३ मध्ये छापलेल्या आठवणींत लिहिले आहे की बागेतील पिंपळाखाली पाण्याचे माठ होते आणि पाणी प्यायला गेलेले सैनिक वरून आलेल्या गोळ्यांनी पडत होते. नेम धरून झाडावरील व्यक्तीला पाडले तेव्हा अंगात लाल जाकीट आणि गुलाबी विजार असलेली ती व्यक्ती स्त्री निघाली. तिच्याजवळ जुन्या घाटाची दोन जड पिस्तुले होती. फोर्ब्ज-मिचेलला तिचे नाव ठाऊक नव्हते. नाव पासी समाजाच्या स्मृतीने जपले, आणि १६ नोव्हेंबरला त्या समाजाचे लोक येथे तिला वंदन करायला जमतात. बिआतोच्या छायाचित्रात ती नाही. विद्यार्थ्याने उद्या तेथे भ्रमणध्वनी रोखला तर पडद्यावर पिंपळ उभा करता येईल, माठ ठेवता येतील, जाकिटाचा लाल रंगही भरता येईल. झाडाच्या टिपणात आधार म्हणून १८९३ चे पुस्तक लिहावे लागेल, नावाच्या टिपणात पासी समाजाची सांगी. चेहऱ्याची जागा मात्र मोकळी ठेवावी लागेल.